आधी शत्रू ओळख, मग चिप घे

बाबू, उपग्रहाच्या टीममध्ये तुझी निवड झाली आणि पार्ट निवडायचं काम तुझ्याकडेच आलं म्हणे. मी चिखल्याच्या मँगनीज खाणीत उभा जन्म वायरमनकी केली, त्यातलंच सांगतो.

कोळशाच्या खाणीत मिथेन निघतो, म्हणून तिथे जाड लोखंडी पेटीचे, महागडे फ्लेमप्रूफ स्विच लागतात. आपल्याकडे तो वायू नाही. आपला शत्रू ओल आणि काळी धूळ. टर्मिनलवर दोन्हींचा थर बसला की त्यावरून करंट गळतो. म्हणून आम्ही जीव टाकायचो तो पेटीच्या रबरी पॅकिंगवर. दर पाळीला बोट फिरवून बघायचो, कुठे चीर तर नाही. वर तुझा शत्रू किरणोत्सार. म्हणून तूही आधी विचार, उपग्रह किती उंचीवर आणि किती दिवस? ५०० किलोमीटरवर वर्षभर फिरणाऱ्याला जे चालतं, ते ३६,००० किलोमीटरवर १५ वर्षं राबणाऱ्याला पुरत नाही.

मंगळावर बघ. पर्सिव्हरन्स गाडीचा मेंदू किरणोत्सार सोसणारा, पण वेग जेमतेम २०० मेगाहर्ट्झ. तिच्याच पोटाखालून गेलेल्या इंजेन्युइटी हेलिकॉप्टरला मात्र मोबाइलमधला स्नॅपड्रॅगन ८०१ दिला. ते पडलं असतं तरी गाडीचं काम अडलं नसतं. ५ उड्डाणं ठरली होती, ७२ झाली! जोखीम कुठे घ्यायची हे ती बनवणाऱ्यांना नेमकं कळलं होतं.

बाजारातली चिप घेतलीस तर तिला राखणदार दे. किरणोत्साराचा एखादा कण आरपार गेला की करंट एकदम चढतो; लगेच वीज तोडून पुन्हा दिली तर बहुधा चिप वाचते. पंपाच्या ओव्हरलोड रिलेसारखंच, पण वर रिसेट दाबायला कुणी नाही, सर्किटनेच उठायला हवं.

जोडीला जादा पार्ट ठेवतोस तेही पारखून. आपल्या आयआरएनएसएस-१ए या दिशादर्शक उपग्रहात तीन अणुघड्याळं होती, तिन्ही एकाच जातीची. तिन्ही बंद पडली.

आणि जे टाळता येतं ते टाळ. २०१६ साली पुण्याच्या सीओईपी कॉलेजच्या पोरांनी किलोभराचा ‘स्वयम्’ उपग्रह सोडला, त्याला दिशा धरायला मोटार नव्हतीच, चुंबक होता.

चिपा एकाच लॉटमधून जास्तीच्या घे. काही तपासणीत जाळायच्या, काही उडवायच्या, दोन डब्यात ठेवायच्या. लॉट नंबर वहीत लिही. वर काही बिघडलं, तर त्या दोनच तुझ्या हाताशी असतील.