माती ओळखा, मग खत टाका
(सभासद-शिक्षण : धडा पहिला)



मृदाशास्त्र म्हटले की तो कॉलेजातल्या पोरांचा विषय, असे बरेच जण समजतात. तसे नाही. कृषी विद्यालयाच्या प्रमाणपत्र वर्गात मातीचे जे धडे शिकवतात, ते धुऱ्यावर बसूनही शिकता येतात. त्यातले नेमके तेवढे आम्ही येथे देत आहोत.

१) आपली जमीन : उमरखेड, महागाव, पुसद भागातील काळी माती बेसाल्ट खडक झिजून झालेली आहे. तिच्यातली चिकणमाती पाण्याने फुगते, वाळली की आकसते. म्हणून उन्हाळ्यात वावराला भेगा पडतात. पाणी धरून ठेवणे हा तिचा गुण, निचरा सावकाश होणे हा दोष. पाटाचे पाणी मोकाट सोडले की मुळांना हवा मिळत नाही आणि खालचे क्षार वर येतात. सांगली-कोल्हापूरकडे कृष्णाकाठची हजारो हेक्टर जमीन अशीच खारवट झाली. पैनगंगाकाठी ते होऊ द्यायचे नाही. वरंब्यावर पांढरा थर दिसला, तर पाणी कमी करा आणि चर काढा.

२) नमुना : खत टाकण्याआधी एकरात नागमोडी चालत १०-१२ ठिकाणी वीतभर खोल, इंग्रजी व्ही आकाराचा खड्डा घ्या. कडेची माती सारख्या जाडीने खरवडा. धुरा, उकिरडा, झाडाखालची व पाणथळ जागा टाळा. सारी माती मिसळून चार भाग करा, समोरासमोरचे दोन टाका. अर्धा किलो उरेपर्यंत हेच करा. माती सावलीत वाळवा. खताची रिकामी गोणी मात्र वापरू नका, बरं का!

३) अहवाल : सामू ६.५ ते ७.५ उत्तम. ८.५ च्या वर गेला तर जमीन चोपण होत चालली समजा. क्षारता १ च्या आत हवी. सेंद्रिय कर्ब ०.५ टक्क्याखाली असेल तर शेणखत, ताग घाला. पाचट जाळू नका, सरीत कुजवा.

४) हिशोब : सुरू उसाला हेक्टरी २५० किलो, म्हणजे एकरी १०० किलो नत्राची शिफारस आहे. युरियात नत्र ४६ टक्के. म्हणून १०० भागिले ४६, गुणिले १०० = २१७ किलो; ४५ किलोच्या जवळजवळ पाच गोण्या. लागणीला अर्धी, दीड-दोन महिन्यांनी दोन, तीन-चार महिन्यांनी अर्धी आणि मोठ्या बांधणीला दोन. डीएपी टाकले असेल तर ५० किलोच्या गोणीतून ९ किलो नत्र आधीच गेले. तेवढ्यासाठी २० किलो युरिया कमी करा. शेजाऱ्याने सात गोण्या टाकल्या म्हणून आपण आठ टाकायच्या, ही चढाओढ खिशाला आणि जमिनीलाही महाग पडते.

ज्यांच्या घरी शिकणारी पोरं-पोरी आहेत, त्यांनी हा हिशोब त्यांच्याकडून करवून घ्यावा. पुढे शिकायचे तर १९६९ साली स्थापन झालेले अकोल्याचे कृषी विद्यापीठ आपलेच आहे. घरी राहून शिकणाऱ्यांसाठी नाशिकचे मुक्त विद्यापीठ आहे.

ऊस तुटून गेला की पहिले काम नमुन्याचे. पुढील धडा : पाण्याची पाळी.

आपला,
ऊस विकास अधिकारी