तांब्याची कळशी प्लास्टिकची का भासते?

प्रश्न : ब्लेंडर या त्रिमितीय चित्रणाच्या संगणकप्रणालीत तांब्याची कळशी घडवली, रंग हुबेहूब साधूनही ती प्लास्टिकची दिसते. उपाय काय?

उत्तर : आपण निवडलेला रंग यथार्थ असेलही, परंतु तो विखुरलेल्या प्रकाशाच्या खाती जमा झाला आहे, आणि धातूच्या दफ्तरी ते खातेच नसते, कारण आत शिरणारा प्रकाश धातूतील मुक्त इलेक्ट्रॉन तत्काळ शोषून घेतात व आपल्या दृष्टीस पडते ते केवळ पृष्ठभागावरून परावर्तित झालेले तेज. प्लास्टिकची झळाळी पांढरी आणि समोरून पाहता सुमारे ४ टक्केच असते. तांब्याचे परावर्तन मात्र स्वतःच रंगीत, रेषीय मापनात अंदाजे लाल ०.९५, हिरवा ०.६४, निळा ०.५४. रॉबर्ट कुक व केनेथ टॉरन्स यांनी १९८२ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात हाच भेद फुलदाणीच्या चित्रांनी दाखविला, आणि तो निबंध आजही मुळातून वाचण्याजोगा आहे.

तेव्हा मटेरियलमधील ‘मेटॅलिक’ हे मूल्य पूर्ण १ ठेवावे. त्याहून महत्त्वाचा, आणि नवशिक्यांकडून हमखास उपेक्षिला जाणारा, मुद्दा परिसराचा : गुळगुळीत धातू भोवतालचेच प्रतिबिंब दाखवितो, म्हणून रिकाम्या करड्या पार्श्वभूमीवर तो निस्तेजच राहणार; त्यासाठी खिडक्या, भिंती, सावल्या असलेले एचडीआरआय चित्र (उजेड-अंधाराची मोठी व्याप्ती टिपणारे) सभोवार लावावे. खडबडीतपणा सर्वत्र एकसारखा नसावा. हिरवट थर चढला असेल तेथे मात्र ‘मेटॅलिक’ ० करावे, कारण तो थर धातू नव्हे.