जुना ट्रक पुन्हा बांधायचा तर

बाभळीखाली उभा असलेला जुना ट्रक तुम्ही कुठे ना कुठे पाहिला असेल. टायर बसलेले असतात. टपावर कोंबड्या चढतात. हौद्यात कडबा भरलेला असतो. भंगारवाला येतो, लोखंडाचा भाव सांगतो आणि परत जातो. घरातले म्हणतात, "देऊन टाका एकदाचा." म्हातारा मालक म्हणतो, "थांबा जरा."

समजा, असा एक ट्रक आबांचा आहे. साल १९६०. पुढच्या जाळीवर तीन टोकांची चांदणी आहे. ही चांदणी जर्मनीच्या मर्सिडीज-बेंझ गाड्यांची खूण. टाटांच्या टेल्को कंपनीने १९५४ साली जर्मन कंपनीशी करार केला आणि जमशेदपूरच्या कारखान्यात हे ट्रक बांधायला सुरुवात केली. करार १९६९ साली संपला. चांदणी गेली आणि टाटांची स्वतःची खूण आली. म्हणून चांदणीचा टाटा ट्रक दिसला की समजायचे, गाडी त्या पंधरा वर्षांतली आहे.

आता आबांचा प्रश्न साधा आहे. गाडी भंगारात घालायची की पुन्हा बांधायची? पैसा बराच जाईल. तो वाया जाईल का? याचे उत्तर गाडीच्या बाहेरच्या रंगावरून मिळत नाही. ते इंजिनाच्या पोटात आहे.

आधी बळ कसे चालते ते पाहू. शिलाई मशीन आठवा. पाय खाली-वर होतो, पण चाक गोल फिरते. इंजिनातही तसेच आहे. गोल नळकांड्यात दट्ट्या खाली-वर होतो. दट्ट्याला गॅरेजात पिस्टन म्हणतात. पिस्टनला एक दांडा जोडलेला असतो, तो कनेक्टिंग रॉड. हा दांडा खालचा वाकडातिकडा दंड फिरवतो. तो दंड म्हणजे क्रँक. आबांच्या इंजिनात सहा नळकांडी आहेत. प्रत्येकाची रुंदी ९० मिलिमीटर आणि पिस्टनची धाव १२० मिलिमीटर. सगळे मिळून सुमारे १०० घोड्यांचे बळ.

डिझेल पेटवायला ठिणगी लागत नाही. सायकलच्या पंपाने हवा भरताना पंप गरम होतो, हे तुम्हाला ठाऊक आहे. हवा दाबली की तापते. इंजिनात पिस्टन हवा इतकी दाबतो की तिच्यात डिझेलचा फवारा उडताच ते पेटते. पेटलेला वायू पिस्टनला खाली ढकलतो. इंजिन थंड असताना पेट घ्यायला मदत म्हणून या इंजिनात विजेवर तापणारे प्लग असतात. त्यांना हीटर प्लग म्हणतात.

म्हणजे सगळे बळ दाबात आहे. नळकांडे आणि पिस्टन यांच्यामध्ये फट वाढली की दाब निसटतो. मग गाडी ओढत नाही, तेल खाते आणि धूर टाकते.

मिस्त्री आले. आबांनी विचारले, "बॅटरी आणली हाय. स्टार्टर मारून बघू का?"

"नको आबा," मिस्त्री म्हणाले. "वीस वर्षं उभी गाडी. रिंगा गंजून नळकांड्याला चिकटल्या असतील. आत पाणी साठलं असंल तर दाबायला जागाच न्हाई. जोर लावला की कनेक्टिंग वाकतो."

पाणी हवेसारखे दाबले जात नाही, म्हणून मिस्त्री घाई करत नाहीत. ते नोझल काढतात, प्रत्येक नळकांड्यात थोडे तेल सोडतात आणि दोन-चार दिवस तसेच ठेवतात. मग मोठा पाना लावून क्रँक हाताने हळूहळू हलवतात. हलले तर बरे. नाहीच हलले, तर इंजिन खोलूनच पिस्टन काढावे लागतात. घाईने स्टार्टर मारून चांगले इंजिन मोडलेले अनेक आहेत.

खोलण्याआधी गाडीच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावावेत. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही शिरू नये. खाली भक्कम घोडी लावावी आणि मगच शिरावे. इंजिन चेन कप्पीला टांगले असताना त्याच्याखाली हातसुद्धा घालू नये. हे सांगून लोक कंटाळतात, पण साखळी तुटताना आधी आवाज देत नाही.

आता वहीचे काम सुरू होते. आबांचा नातू वही घेऊन बसला आहे. निघेल तो भाग कुठून निघाला, हे तो लिहितो. नट आणि बोल्ट वेगवेगळ्या डब्यांत जातात. डब्यावर नाव लिहिलेले असते.

क्रँक ज्या ठिकाणी ब्लॉकमध्ये बसतो, तिथे खालून लोखंडी टोप्या लावलेल्या असतात. या इंजिनात अशा सात टोप्या आहेत. शिवाय प्रत्येक कनेक्टिंग रॉडला एकेक. टोप्यांवर बारीक आकडे ठोकलेले असतात.

आबा म्हणाले, "समद्या टोप्या सारख्याच की मिस्त्री. हिची तिला लागली म्हणून काय बिघडतंय?"

"कारखान्यात टोपी जागेवर आवळून मगच भोक पाडत्यात, आबा. म्हणून ज्या जागेची टोपी त्या जागेलाच गोल बसती. दुसरीकडं लावली तर भोक वाकडं व्हतं. क्रँक आवळतो, न्हाईतर बेअरिंग जळतं."

आकडा नसेल तर खोलण्याआधीच पंचाने ठिपके मारावेत. पहिलीला एक, दुसरीला दोन. टोपी उलटीही लावू नये. म्हणून खूण एकाच बाजूला मारावी.

सगळे भाग डिझेलने धुतले की मोजमाप येते. इथे डोळ्यावर विश्वास ठेवायचा नाही. माणसाचा केस साधारण मिलिमीटरच्या शंभर भागांतले सात भाग जाड असतो. इंजिनातली काही झीज त्याहूनही कमी असते, पण तेवढी झीजही कामाची असते. ती बोटाला कळत नाही. मायक्रोमीटर आणि डायल गेज लागतेच.

नळकांडे सगळीकडे सारखे झिजत नाही. वरच्या बाजूला, जिथे रिंगा वळण घेतात, तिथे झीज जास्त. म्हणून वर, मध्ये आणि खाली अशा तीन ठिकाणी मोजतात. प्रत्येक ठिकाणी आडवे आणि उभे असे दोनदा मोजतात. एका नळकांड्याचे सहा आकडे झाले. सहा नळकांड्यांचे छत्तीस. नातवाने छत्तीस आकडे वहीत लिहिले. त्यांतला सगळ्यांत मोठा आणि सगळ्यांत लहान आकडा पाहिला की झीज समजते.

झीज असली म्हणजे इंजिन वाया गेले असे नाही. नळकांडी थोडी मोठी कातून त्यांत मोठ्या मापाचे पिस्टन घालता येतात. कित्येक इंजिनांत नवा लायनर बसवता येतो. क्रँकच्या घासलेल्या जागा पाव मिलिमीटर, अर्धा मिलिमीटर अशा टप्प्यांनी ग्राइंड करतात आणि त्या मापाची जाड बेअरिंगे घालतात. अशी कामे कोल्हापूरच्या उद्यमनगरासारख्या ठिकाणी होतात. मात्र आधी पिस्टन आणि बेअरिंग हातात घ्यावीत, त्यांचे माप पाहावे, आणि मग कातकाम सांगावे. आधी कातले आणि मग त्या मापाचा माल मिळाला नाही, तर ब्लॉक तसाच पडून राहतो.

झीज दुरुस्त होते. तडा मात्र वेगळी गोष्ट. क्रँकला तडा आहे का हे पाहायला एक जुनी रीत आहे. क्रँक रॉकेलने किंवा डिझेलने भिजवायचा, स्वच्छ पुसून कोरडा करायचा आणि त्यावर खडूची भुकटी लावायची. तडा असेल तर आत शिरलेले तेल बाहेर झिरपते आणि पांढऱ्या भुकटीवर काळी रेघ उमटते. मोठ्या दुकानांत चुंबकाने तपासतात, ती रीत जास्त खात्रीची. तडा निघालेला क्रँक कोणी वेल्डिंग करून देतो म्हणाला, तर मी तरी तो घेणार नाही. भर रस्त्यात क्रँक तुटला की ब्लॉकही फोडतो. ब्लॉक आणि हेड यांत पाणी दाबाने भरून तेही तपासावेत.

ब्लॉक बदलायची वेळ आली तर एक गोष्ट ध्यानात ठेवा. इंजिनाचा नंबर त्यावर ठोकलेला असतो आणि तोच गाडीच्या आरसी बुकात असतो. इंजिन बदलले तर आर. टी. ओ. कचेरीत रीतसर नोंद करावी लागते. जुने इंजिन विकत घेताना त्याचा नंबर आणि कागद स्वतः वाचून घ्या. दुसऱ्याच्या वाचण्यावर सोडू नका.

आबांचे नशीब बरे. क्रँकला तडा नाही. ब्लॉकही शाबूत. नळकांडी झिजली आहेत, पण कातून बसतील. आता मिस्त्री खर्च लेखी देतात. माल किती, कातकाम किती, मजुरी किती, हे वेगवेगळे लिहून घ्यावे.

जोडणीला सुरुवात करताना पहिले काम धुण्याचे. कातकामाचा बारीक कीस क्रँकच्या तेलाच्या भोकांत अडकून राहतो. तो राहिला तर नवी बेअरिंगे काही मिनिटांत खराब होतात. भोकांतून ब्रश घालून, डिझेलने धुऊन, हवा मारावी. मग स्वच्छ कपड्याने झाकावे. उघड्या अंगणात, उडत्या धुळीत इंजिन जोडू नये.

नवी रिंग आधी नुसती नळकांड्यात ठेवून तिच्या दोन टोकांतली फट फिलर गेजने मोजतात. फट फार कमी असली तर तापून रिंग वाढते, टोके एकमेकांना भिडतात आणि रिंग तुटते. हेडचे नट मधून सुरू करून बाहेरच्या बाजूला, दोन-तीन फेऱ्यांत, टॉर्क पान्याने आवळायचे. एकाच बाजूने आवळले तर हेड वाकते. दातेरी चाकांवरच्या खुणा एकमेकींसमोर आणायच्या. एक दाता जरी चुकला तरी व्हॉल्व आणि पिस्टन यांची टक्कर होऊ शकते. डिझेल कोणत्या क्रमाने उडते, तो क्रम असा: १, ५, ३, ६, २, ४. पंपाच्या नळ्या याच हिशेबाने लागतात.

पंप आणि नोझल मात्र घरी उघडू नयेत. ते काम पंपाच्या दुकानातच करावे. नोझलच्या फवाऱ्यासमोर कधीही हात धरू नका. तो फवारा कातडी भेदून आत शिरतो. जखम टाचणीएवढी दिसते, पण आत डिझेल पसरते आणि बोट किंवा हात जाऊ शकतो. असे झाले तर हळद लावून बसू नका. त्याच वेळी दवाखाना गाठा, आणि डिझेल आत शिरले आहे असे डॉक्टरांना स्पष्ट सांगा.

इंजिन झाले. पण इंजिनाचे बळ चाकापर्यंत गेले पाहिजे. इंजिनामागे क्लच, क्लचमागे गेअरबॉक्स, तिथून लांब फिरता शाफ्ट आणि शेवटी मागचा आस.

क्लचची प्लेट झिजून रिबिटे उघडी पडली असतील तर ती बदलावी. गेअरबॉक्समध्ये दात तुटले आहेत का, बेअरिंग खुळखुळते का, ते पाहावे. जुना गेअर चालताना सुटत असेल तर नुसता दांडा बदलून भागत नाही. दाताची कड गोल झालेली असते. लांब शाफ्टच्या दोन तुकड्यांवर बाणाच्या खुणा असतात. त्या समोरासमोर आल्या नाहीत तर सगळी गाडी थरथरते.

मागच्या आसाची गंमत समजून घ्या. बैलगाडी वळते तेव्हा बाहेरचे चाक जास्त चालते, आतले कमी. बैलगाडीची चाके आसावर सुटी फिरतात, त्यामुळे अडचण येत नाही. ट्रकची मागची दोन्ही चाके इंजिनाच्या जोराने फिरतात. दोन्ही एकाच दांड्याला घट्ट बांधली तर वळणावर टायर घासतील आणि दांडा तुटेल. म्हणून मध्ये डिफरन्शियल असते. ते दोन्ही चाकांना जोर देते, पण त्यांना कमी-जास्त फिरू देते.

त्याच पेटीत छोटा पिनियन आणि मोठे क्राउन चाक असते. समजा पिनियनला ६ दाते आणि क्राउनला ३७ दाते आहेत. मग शाफ्ट सहा वेळा पुरा फिरून थोडा जास्त वळेल तेव्हा चाक एकदा फिरेल. वेग कमी होतो, पण ओढ वाढते. हे दोन भाग कारखान्यात जोडीने जुळवलेले असतात. दोघांवर एकच नंबर असतो. एक जुना आणि एक नवा घालून पैसे वाचवू नयेत. तो आस गुणगुणायला लागतो आणि काही दिवसांत दात खातो. बसवल्यावर दातांना रंग लावून फिरवून पाहतात. रंगाचा डाग दाताच्या मध्यावर उमटला पाहिजे.

आणि हो, ब्रेक. उभ्या गाडीचे ब्रेक गंजलेले असतात. ते तपासून दुरुस्त केल्याशिवाय गाडी अंगणाबाहेर काढायची नाही.

चालू करण्याचा दिवस आला. मिस्त्रींनी आधी डिझेल बंद ठेवून इंजिन फिरवले. तेलाच्या दाबाचा काटा वर चढला. मग डिझेल सोडले. हवेच्या तोंडाजवळ नातू एक सपाट फळी घेऊन उभा होता. पंप अडकला तर डिझेल इंजिन आपोआप वेग घेत जाते आणि चावीने थांबत नाही. अशा वेळी हवेचे तोंड फळीने झाकतात. हाताने झाकायचे नाही, हात आत ओढला जातो.

फळीची गरज पडली नाही. इंजिनाने दोन-तीनदा ठसका दिला, पांढरा धूर टाकला आणि ते लागले.

"आता भरून न्यायची का ऊस?" आबांनी विचारले.

"आबा, अजून न्हाई. आधी रिकामी, मग थोडं वजन. रिंगा नळकांड्याला घासून बसाया पायजेत. लई वेळ उभ्यानं चालू बी ठिवू नका."

काहीशे किलोमीटर झाल्यावर मिस्त्रींनी तेल काढले. ते स्वच्छ थाळीत घेतले आणि त्यातून चुंबक फिरवले. थोडी राखाडी भुकटी लागली, चकचकीत तुकडा एकही नव्हता. हेडचे नट पुन्हा तपासले. फिल्टर बदलला. नवे तेल भरले. नातवाने वहीत तारीख आणि मीटरचा आकडा लिहिला, आणि पुढचे तेल किती किलोमीटरला बदलायचे तेही त्याखाली लिहून ठेवले.