पगार २२ हजार, पीएफ मात्र ९ हजारांवर

प्रश्न : कारखान्यात मला २२ हजार मिळतात, पण पीएफसाठी पगार ९ हजारच दाखवतात. विचारलं तर म्हणतात, ‘बाकीचे भत्ते आहेत.’ काय करू?

उत्तर : या उत्तरावर गप्प बसू नका. घरभाडे, ओव्हरटाइम वगळता सर्वांना सरसकट मिळणारे भत्ते पीएफसाठी मूळ वेतनातच धरायचे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केलं आहे. ते धरून रक्कम १५ हजारांवर गेली, तर तुमचे १,०८० ऐवजी दरमहा १,८०० जमा व्हायला हवेत आणि तेवढेच मालकाचे. मालकाच्या वाट्यातले १,२५० पेन्शनकडे जातात, म्हणजे आज पगार दडवला की म्हातारपणची पेन्शनही घटते. मला हेच सर्वांत गंभीर वाटतं.

उमंग अ‍ॅपवरून पासबुक उतरवून घ्या. पगारचिठ्ठ्या, बँकेचं स्टेटमेंट, हजेरीकार्डाचे फोटो आजच जपून ठेवा. तक्रारीनंतर कागद मिळणं अवघड होतं. मग भविष्य निर्वाह निधी संघटनेच्या पोर्टलवर तक्रार नोंदवा किंवा दर महिन्याच्या २७ तारखेच्या ‘निधी आपके निकट’ शिबिरात लेखी द्या, पोच घ्या. शक्य तर चारपाच सहकाऱ्यांनी मिळून जा, एकट्यावर राग काढणं सोपं असतं.