टाकाऊतून टिकाऊ : अंगणातली जुनी खुर्ची कशी रंगवावी



कार्यानुभवाच्या तासाला बाईंनी सांगितले, की घरातली एखादी टाकाऊ वस्तू टिकाऊ करा आणि कशी केली ते भित्तिपत्रकासाठी लिहून आणा. मी आमच्या अंगणातल्या घडीच्या खुर्चीची माहिती लिहीत आहे. तिचा सांगाडा लोखंडाचा आहे. बसायला व टेकायला लाकडी पट्ट्या आहेत.

खुर्ची कुठून आली?

माझे आजोबा मुंबईला कापड गिरणीत कामाला होते. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा मोठा संप सुरू झाला. त्यानंतर आजोबा गावी परत आले, तेव्हा त्यांनी ही खुर्ची बरोबर आणली. आता आजोबा नाहीत. आजीचे गुडघे दुखतात, तिला खाली बसता येत नाही. रोज सकाळी ती याच खुर्चीत बसून तांदूळ निवडते. पण खुर्ची गंजली. आजीच्या लुगड्याला तांबडे डाग पडू लागले. भंगारवाल्याने ती तोलली, तर ६ किलो भरली. बाबा म्हणाले, देऊन टाकू. तेव्हा आजी म्हणाली, "अरे, किलोवर पैसे येतील, पण खुर्ची येईल का?" मग बाबांनी सांगाडा हलवून पाहिला. तो धड होता. म्हणून रंगवायचे ठरले.

गंज का चढतो?

लोखंडाला हवा आणि पाणी दोन्ही मिळाली, की हवेतला ऑक्सिजन व लोखंड यांचा गंज होतो. बाईंनी वर्गात चार बाटल्या व चार खिळे घेऊन प्रयोग दाखवला.

पहिल्या बाटलीत कोरडा खिळा ठेवून बूच घट्ट लावले. दुसरीत उकळून गार केलेले पाणी घातले आणि वर तेलाचा थर सोडला, म्हणजे पाण्यात हवा जाणार नाही. तिसरीत साधे पाणी व चिमूटभर मीठ घातले. चौथीतही मिठाचेच पाणी, पण खिळ्याला सगळीकडून रंग लावून वाळवलेला. आठ दिवसांनी पाहिले, तर तिसऱ्या बाटलीतला खिळाच तांबडा झाला होता.

यावरून दोन गोष्टी समजतात. रंग नुसता शोभेसाठी नसतो. तो लोखंडाला हवा व पाणी लागू देत नाही. दुसरे असे, की मिठामुळे गंज लवकर चढतो. आपला गाव खाडीला लागून आहे, वारा खारा येतो. म्हणून आपल्याकडे कड्या-कोयंडे लवकर गंजतात. पॅरिसचा आयफेल टॉवर लोखंडाचा आहे व तो १८८९ साली पुरा झाला. तो सुमारे सात वर्षांनी पुन्हा रंगवतात, म्हणून अजून उभा आहे.

जुन्या रंगापासून सावध!

ही गोष्ट पालकांनी जरूर वाचावी. जुन्या काळच्या तेलरंगात शिसे असायचे. शिसे विषारी आहे. रंग कोरडा घासला की त्याची धूळ उडते, ती नाकातोंडात जाते आणि लहान मुलांच्या मेंदूला अपाय करते. २०१६ साली भारत सरकारने नियम केला, की घरगुती रंगात दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त शिसे असू नये. पण आमच्या खुर्चीचा रंग त्याच्या कितीतरी आधीचा होता. माझी धाकटी बहीण दोन वर्षांची आहे, दिसेल ते तोंडात घालते. म्हणून आईने तिला घेऊन मामाकडे जायचे ठरवले. मी ओटीवरून पाहिले. घासायचे काम बाबांनी मास्क लावून केले.

साहित्य

पाण्यात चालणारा पॉलिश पेपर, तारेचा ब्रश, टर्पेंटाइन, लोखंडाचा रेड ऑक्साइड प्रायमर, लाकडाचा पांढरा प्रायमर, लांबी, ऑइल पेंट, दीड इंची ब्रश, जुने प्लॅस्टिक, चिंध्या. पॉलिश पेपरचा नंबर मोठा तितका तो बारीक. आधी ८० नंबर, मग १२०, शेवटी २२० वापरावा.

कृती

१. दिवस उन्हाचा निवडावा. पावसाळ्यात रंग लावू नये. आम्ही दिवाळीच्या सुट्टीत लावला.

२. खाली प्लॅस्टिक अंथरावे. जुना रंग पाण्याने ओला करून मगच घासावा, म्हणजे धूळ उडत नाही. सुटलेले पोपडे पुसून प्लॅस्टिकसकट गुंडाळून पिशवीत बांधावेत. ते झाडून अंगणात, परसात किंवा विहिरीजवळ टाकू नयेत. जाळू तर मुळीच नयेत. घासताना घातलेले कपडे वेगळे धुवावेत.

३. खुर्ची लगेच कोरडी पुसून उन्हात ठेवावी. ओली राहिली तर पुन्हा गंज येतो.

४. चिंधीवर टर्पेंटाइन घेऊन लोखंड पुसावे. तेलकटपणा गेला की रंग धरतो. हे चुलीपासून लांब करावे, कारण टर्पेंटाइन पेट घेते.

५. लोखंडाला रेड ऑक्साइड लावावा. गंमत म्हणजे त्याचा तांबडा रंगसुद्धा लोखंडाच्या ऑक्साइडचाच असतो, म्हणजे गंजाचा भाऊच! सांधे व स्क्रूच्या कडा सोडू नयेत, गंज तिथूनच सुरू होतो.

६. लाकडी पट्ट्या रेषांच्या दिशेने घासाव्यात. भोकांत लांबी भरावी, वाळली की घासून सारखी करावी व पांढरा प्रायमर लावावा.

७. दुसऱ्या दिवशी ऑइल पेंटचा पातळ हात द्यावा. रात्रभर वाळू द्यावा आणि मग दुसरा हात द्यावा. एकदम जाड थर दिला तर वरून साय धरते आणि आत ओलेच राहते. संध्याकाळी उशिरा रंग लावू नये, दव पडले की चमक जाते.

मी शेवटचा हात एका पट्टीला दिला. आजीने रंग निवडला, सांगाड्याला हिरवा व पट्ट्यांना पिवळा. तिला मी विचारले, "पिवळा का गं?" ती म्हणाली, "पहाटे अंधारात ठेच नको लागायला."

हिशेब

लोखंडाचा प्रायमर ११० रु., लाकडाचा प्रायमर ९० रु., रंगाचे दोन छोटे डबे २०० रु., टर्पेंटाइन ७० रु., पॉलिश पेपर ६० रु., ब्रश ४० रु., लांबी ३० रु. एकूण ६०० रुपये. रंग उरला, त्यात तुळशीजवळची लोखंडी घडवंचीही झाली.

पुढची काळजी

रंग लावल्यावर आठवडाभर खुर्चीत कोणी बसले नाही. पावसाळ्यात ती पडवीत ठेवायची. दर दिवाळीला टवके पाहायचे आणि तेवढ्याच जागी प्रायमर व रंग लावायचा.

आता पालकांना एक विनंती. आपल्या मैदानातली घसरगुंडीची शिडी गंजली आहे. वरून तिसरी पायरी पातळ झाली आहे. ती आधी वेल्डिंग करून घ्यावी लागेल, कारण रंगाने भोक बुजत नाही. मग सुट्टीत मुले नसताना ओले घासून रंग द्यावा. रंगाच्या डब्यावर शिसे नसल्याचे लिहिलेले बघून घ्यावे. पहिलीतली मुले त्या शिडीला धरून उभी राहतात आणि तेच हात घेऊन खिचडीला बसतात. जेवणाआधी हात साबणाने धुवायचे, एवढे तर आपण आजपासूनच करू.

— इयत्ता चौथी