चालतंय म्हणून चालू ठेवू नकोस

अगं, तुझ्या ऑफिसातल्या त्या काळ्या डब्याबद्दल, म्हणजे नेटवर्कला जोडलेल्या स्टोरेजबद्दल (एनएएस) बोलायचंय. टॅलीचा सगळा डाटा, लोकांचे पॅन-आधारचे स्कॅन, कित्येक वर्षांची रिटर्न्स आणि (तू सांगितलं नाहीस तरी मला ठाऊक आहे) जीएसटीच्या पासवर्डांची ती एक्सेल फाईल, सगळं त्यातच आहे ना? "ताई, एकदाही बंद पडला नाही," असं तू कौतुकानं सांगतेस. मला धास्ती त्याचीच वाटते. बंद पडला असता तर बदलला तरी असतास.

आपल्याकडं चालती वस्तू कुणी टाकत नाही. पण ही नुसती हार्डडिस्क नव्हे गं. आत एक छोटा कॉम्प्युटर आहे. त्याच्या प्रोग्रॅममध्ये खोट निघत राहते आणि कंपनीनं ती दुरुस्त करून अपडेट पाठवायचं असतं. कंपनीनं ठरवलेली मुदत संपली की अपडेट बंद. डब्याचा दिवा मात्र हिरवाच राहतो.

डी-लिंकच्या डीएनएस-३२५ आणि तसल्या जुन्या मॉडेलांचं ऐक. एप्रिल २०२४ मध्ये कळलं की आत एक खातं आधीपासूनच आहे, नाव 'मेसेजबस', पासवर्ड रिकामा. जोडीला दुसरी खोट अशी, की नेटवरून एक विशिष्ट लिंक पाठवली की ती पाठवणाऱ्याचा हुकूम डबा पाळणार. असे ९२ हजारांहून जास्त डबे जगभर नेटवर उघडे असल्याचा अंदाज तेव्हा निघाला. कंपनी म्हणाली, मुदत संपली आहे, दुरुस्ती नाही, वापर थांबवा. त्याच वर्षी नोव्हेंबरात त्याच घराण्यात आणखी एक खोट सापडली, उत्तर तेच. तुझा स्वतःचा पासवर्ड कितीही अवघड असू दे, इथं तो कुणी विचारतच नाही.

वेस्टर्न डिजिटलच्या 'माय बुक लाइव्ह'चं तर आणखी वाईट. शेवटचं अपडेट २०१५ चं. जून २०२१ मध्ये लोकांनी पाहिलं तर फोल्डर आहेत, आत काही नाही. कुणीतरी लांबून फॅक्टरी रिसेट मारलेला. रिसेटआधी पासवर्ड विचारणाऱ्या ओळी प्रोग्रॅममध्ये होत्या, पण बंद करून ठेवलेल्या. लोकांचे लग्नाचे, लेकरांचे फोटो गेले. कंपनीनं सांगितलं, आधी नेटवरून काढा.

तू म्हणशील, मलकापुरातल्या माझ्या दोन खोल्यांच्या ऑफिसकडं कोण बघतंय? कुणी माणूस बघत नाही. प्रोग्रॅम दिवसरात्र नेटवरचे सगळे पत्ते ठोठावत फिरतात, त्यांना हायवेकडचं गाव आणि न्यूयॉर्क सारखंच. मलकापूरला नळाला चोवीस तास पाणी, म्हणजे पाइपात दाबही चोवीस तास. फुटला की गळती अखंड. तुझा डबाही तसाच कायम नेटवर.

आता खरी मेख. गावातल्या फायबरवाल्यांच्या साध्या कनेक्शनवर बऱ्याचदा एकाच पत्त्यावर अनेक गिऱ्हाइकं असतात, त्यामुळं डबा बाहेरून थेट दिसत नाही. पण घरून टॅली बघता यावं म्हणून तू स्टॅटिक आयपी घेतलास ना? आणि कॅमेरे बसवणाऱ्या पोरानं राउटरमध्ये 'पोर्ट फॉरवर्डिंग' करून दिलं. दार तिथं उघडलं. पोराचा दोष नाही, आपणच म्हटलं होतं, घरून दिसायला पाहिजे.

तर त्याच पोराला बोलाव. राउटरमधलं पोर्ट फॉरवर्डिंग आणि यूपीएनपी (आपोआप दार उघडू देणारी सोय) बंद करायला लाव, डब्यातली मोबाईलवरून बघायची सोयही बंद. मग मोबाईलचं वायफाय बंद करून तो स्टॅटिक पत्ता उघडून बघ. पूर्वी जिथून लॉगिनचं पान यायचं तिथून काही यायला नको. अजून एक विचार त्याला: जुना डबा दिसेना म्हणून विंडोजमध्ये 'एसएमबी १' (नेटवर्कवर फायली बघायची जुनी सोय) चालू केलंय का? मायक्रोसॉफ्टनं २०१७ पासून नव्या विंडोजमध्ये ते बंदच ठेवलंय. त्याच वर्षी मे महिन्यात वॅनाक्राय नावाच्या खंडणीखोर व्हायरसनं त्याच जुन्या सोयीतली खोट धरून जगभरच्या कॉम्प्युटरांना कुलपं लावली. डबा त्याशिवाय दिसतच नसेल, तर त्याला नेटवर्कवर ठेवूच नकोस.

सगळ्यात आधी मात्र साध्या यूएसबी डिस्कवर एक प्रत काढ. काढली की वायर काढून कपाटात. डब्यात दोन डिस्क आहेत म्हणून बॅकअप आहे, असं तुझे हे म्हणतात. त्यांना सांग, एकीत पुसलं की दुसरीतही त्याच क्षणी पुसलं जातं. एक डिस्क बिघडली तर दुसरी उपयोगी, बस.

नवा घेशील तेव्हा किमतीआधी विचार, अपडेट किती वर्षं मिळणार? आणि नवाही थेट नेटवर नको. एप्रिल २०२१ मध्ये क्यूनॅप कंपनीच्या, तेव्हा विकल्या जाणाऱ्या डब्यांतल्या फायली सेव्हन-झिपनं बंद करून चोरांनी ०.०१ बिटकॉइन मागितले होते.

जुना भंगारवाल्याला तसाच देऊ नकोस. त्यातले पॅन-आधार तुझे नाहीत, लोकांचे आहेत, आणि २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात हलगर्जीपणाला २५० कोटींपर्यंत दंडाची तरतूद आहे. तुझ्यावर कुणी एवढा लावेल असं नाही, पण गावात तोंड दाखवायचंय. डिस्क बाहेर काढून ड्रिलनं आरपार भोकं पाड. आणि ती एक्सेल फाईल यूएसबीवरही तशीच उघडी टाकू नकोस, आधी पासवर्ड मॅनेजरमध्ये भर. जमत नसेल तर फोन कर, मी सांगते.