लग्नाचा खर्च आवाक्यात कसा ठेवावा?

प्रश्न : मुलीचं लग्न मे महिन्यात आहे. आमच्याकडे 8 लाख रुपये आहेत. याद्या होत आल्या, पण खर्च वाढतोच आहे. वैयक्तिक कर्ज काढावं का?
— एक आई, सातारा

उत्तर : ताई, कर्ज काढू नका. एका दिवसाच्या समारंभाचे हप्ते पुढे कित्येक वर्षं फेडावे लागतात.

आधी 80 हजार रुपये ऐनवेळच्या खर्चासाठी बाजूला काढा. उरलेल्या 7 लाख 20 हजारांतच सगळं बसवा. सुरुवात पाहुण्यांच्या यादीपासून करा, कारण कार्यालय, जेवण, पत्रिका, आहेर हे सारं त्या आकड्यावर ठरतं. ताट 450 रुपयांचं धरलं, तर 400 पानांचे 1 लाख 80 हजार होतात. शंभर पानं कमी झाली, की 45 हजार वाचतात.

कार्यालयाशी बोलताना वीज, जनरेटर, साफसफाई भाड्यात आहे का, अनामत कधी परत मिळेल आणि वाढीव पानांचा दर काय, हे लेखी घ्या. दागिने घेताना हॉलमार्कचा सहा अक्षर-अंकी एचयूआयडी क्रमांक तपासा. घडणावळ दुकानागणिक बदलते आणि वर 3 टक्के जीएसटी लागतो. म्हणून नुसता सोन्याचा भाव न पाहता एकूण बिलाची तुलना करा.

मानपान आणि खर्चाची वाटणी व्याह्यांशी आताच मोकळेपणानं बोला. मात्र हुंड्याची मागणी झाली, तर स्पष्ट नकार द्या. 1961च्या कायद्यानं हुंडा देणं-घेणं दोन्ही गुन्हा आहे. मुलीलाही या हिशेबात सहभागी करून घ्या. तिचा संसार कर्जाच्या ओझ्याविना सुरू होणं, हाच मोठा आहेर.